'दऱ्या' आणि 'दर्या' : उपशब्दविभाजनातील एक प्रश्न

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' हे 'दरी'चे अनेकवचन. लेखनात हा भेद केवळ अर्ध्या रकाराच्या रूपावर अवलंबून आहे. युनिकोडमध्ये 'दऱ्या'तील रकार दोन प्रकारे लिहिता येतो : स्वतंत्र 'ऱ' (संकेतांक ०९३१) व हलन्त योजून, किंवा साध्या 'र'ला हलन्त व अदृश्य संयोजक जोडून. डोळ्यांस दोन्ही लेखने एकच दिसतात. उपशब्दविभाजकास मात्र ती भिन्न वाटतात, आणि एकाच शब्दाची वारंवारता दोन नोंदींत विभागली जाते. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण ही रूपे एक करीत नाही. संयोजक निरर्थक मानून गाळल्यास तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. म्हणून प्रथम दुसरे रूप पहिल्यात परिवर्तित करावे व मगच संयोजक गाळावा. मराठीसाठी हा क्रम अपरिहार्य होय.