अँटिव्हायरस जागा आहे का?

अँटिव्हायरस चालू आहे की नाही, हे तपासायला खरा व्हायरस लागत नाही. त्यासाठी ‘आयकार’ ही अवघ्या ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल असते. ती दिसताच इशारा द्यायचा, असा अँटिव्हायरस कंपन्यांमधला संकेत आहे. इशारा आला, तर पहारा सुरू आहे एवढंच कळतं. नवा व्हायरस पकडण्याची कुवत कळत नाही. ती ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आणि जर्मनीतली एव्ही-टेस्ट या संस्था तपासतात आणि निकाल जाहीर करतात. विंडोज १० आणि ११मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस मोफत असतोच. दुसरा घ्यायचा तर हे निकाल पाहून एकच घ्या. दोन एकत्र चालवले तर संगणक रखडतो. आणि ब्राउझरमध्ये ‘व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ अशी खिडकी उघडली, तर फोन करू नका, ती सरळ बंद करा.