इलेक्ट्रिक गिटार घेताय? पिकअप नंतर बदलता येतो, नेकचं तसं नाही

यूट्यूबवर 'सिंगल कॉइल की हमबकर' असं शोधलं की व्हिडिओंची रांग लागते. एकच वादक, एकच धून, दोन गिटार आणि खाली कमेंट्समध्ये जोरदार भांडण. पहिली इलेक्ट्रिक गिटार घेणारे अनेक जण असे व्हिडिओ बघतात, आवाज आवडला की ऑर्डर करून मोकळे होतात.

अडचण अशी की व्हिडिओत पिकअप ऐकू येतो, नेक ऐकू येत नाही. आणि रोज सरावाला डाव्या हातात असतो तो नेकच. तो हाताला बसला नाही तर मनगट भरून येतं, बोटं पोचत नाहीत आणि 'आपल्याला जमणार नाही' असं म्हणत गिटार कपाटावर जाते. अनेकदा दोष वाजवणाऱ्याचा नसतो, निवडीचा असतो.

म्हणून या दोन्ही गोष्टी काय आहेत आणि निवडताना कशाला किती महत्त्व द्यायचं, ते समजून घेऊ.

पिकअप नेमकं काय करतो?

गिटारच्या तारांखाली जे आयताकृती ठोकळे दिसतात, ते पिकअप. आत लोहचुंबक असतं आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी कमी दाबाची वीज तयार होते. शाळेत शिकलेला फॅरेडेचा नियम तो हाच. हा सिग्नल केबलमधून अँपमध्ये जातो आणि मोठा होऊन बाहेर येतो. म्हणूनच अशा गिटारला नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकअपला काहीच कळणार नाही.

सिंगल कॉइल आणि हमबकर यांत फरक काय?

सिंगल कॉइल म्हणजे तारेचं एकच वेटोळं. फेंडरच्या १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरवर असे तीन पिकअप होते. आवाज स्वच्छ, चमकदार, प्रत्येक तार वेगळी ऐकू येणारा. तोटा एकच: हे वेटोळं अँटेनासारखं वागतं आणि आसपासच्या विजेची गुणगुण पकडतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे त्याच पट्टीतला 'हूंऽऽ' असा आवाज येत राहतो. जवळ डिमर किंवा चार्जर असेल, घरातलं अर्थिंग नीट नसेल, तर जास्तच. गिटार घेऊन थोडं वळून बसलं तरी हा आवाज कमी-जास्त होतो.

त्यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या इंजिनिअरने तोडगा काढला. १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९५७ पासून लेस पॉल गिटारवर हा पिकअप दिसू लागला. यात दोन वेटोळी शेजारी-शेजारी असतात. दोन्हींचे वेढे आणि चुंबकाची दिशा एकमेकांच्या उलट. बाहेरची गुणगुण दोन्हीकडे उलट-सुलट येते आणि एकमेकांना मारते, तारेचा आवाज मात्र एकत्र होतो. 'हम' मारणारा म्हणून हमबकर. आवाज जाड, भरदार, डिस्टॉर्शन लावल्यावर टिकून राहणारा. त्या बदल्यात वरच्या पट्टीतली चमक थोडी कमी होते.

या दोन्हींच्या मधला आवाज हवा असेल तर १९४६ पासून वापरात असलेला पी-नाइंटी आहे. तो सिंगल कॉइलच, पण रुंद आणि जास्त दमदार. गुणगुण त्यातही असतेच.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. पिकअप कुठे बसवलाय यानेही आवाज बदलतो. नेकजवळचा पिकअप गोल आणि उबदार वाजतो, ब्रिजजवळचा तीक्ष्ण. काय वाजवायचं हे अजून पक्कं नसेल तर ब्रिजजवळ हमबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल अशी रचना सोयीची. दुकानात तिला 'एचएसएस' म्हणतात.

नेकचा 'सी', 'डी', 'व्ही' म्हणजे काय?

नेक काकडीसारखा आडवा कापला असं समजा. मागच्या बाजूचा जो आकार दिसेल, त्याला जवळच्या इंग्रजी अक्षराचं नाव दिलेलं असतं.

• सी: पाठ गोलसर. आज सगळ्यात जास्त दिसणारा आकार, बहुतेक हातांना चालतो.
• डी: पाठ थोडी सपाट. अंगठा मागे मधोमध ठेवून भरभर वाजवणाऱ्यांना आवडतो.
• व्ही: मधोमध हलकी कड. अंगठा वरून काढून तार दाबणाऱ्यांना आधार मिळतो. एरिक क्लॅप्टनच्या नावाच्या स्ट्रॅटोकास्टरला असाच सौम्य व्ही नेक आहे.
• यू: खांदे भरलेले, जाडजूड. मोठ्या पंजाला भरीव पकड देतो.

पण नुसत्या अक्षरावर जाऊ नका. एका कंपनीचा 'सी' दुसरीच्या 'सी'पेक्षा जाड असू शकतो. आणि १९६० च्या दशकातल्या फेंडर नेकवर छापलेली ए, बी, सी, डी ही अक्षरं तर आकाराची नव्हतीच, ती नटजवळची रुंदी सांगायची!

अक्षराबरोबर तीन मापं बघा. पहिलं नटची रुंदी: फेंडरवर साधारण ४२ मिलिमीटर, गिब्सनवर ४३, तर क्लासिकल गिटारवर ५२ च्या आसपास. दुसरं फ्रेटबोर्डची गोलाई: जुन्या फेंडरवर ७.२५ इंच, आजच्या अनेक फेंडरवर ९.५, गिब्सनवर १२. आकडा जितका लहान, तितका बोर्ड गोल. गोल बोर्ड कॉर्डसाठी आरामाचा, सपाट बोर्ड तार ओढून सूर चढवण्यासाठी. तिसरं स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी: फेंडरवर सुमारे ६४८ मिलिमीटर, गिब्सनवर ६२८. स्केल कमी असेल तर त्याच तारा थोड्या सैल लागतात आणि फ्रेट जवळ येतात.

हात लहान असेल तर पातळ नेकच घ्यावा का?

असं काही नाही. फार पातळ नेकवर अंगठा आणि बोटं जास्त आवळावी लागतात आणि काही जणांचा हात त्यानेच लवकर थकतो. बोटं पोचत नसतील तर जाडीपेक्षा नटची रुंदी आणि स्केल यांचा संबंध जास्त असू शकतो. उत्तर एकच, धरून बघणं.

नंतर काय बदलता येतं?

पिकअप बदलणं म्हणजे काही स्क्रू आणि थोडं सोल्डरिंग. त्याच मापाचा घेतला तर लाकूड कोरावं लागत नाही. तारांची उंची, तारांची जाडी हे सगळं सेटअपमध्ये जुळवता येतं. नेकचा आकार मात्र सेटअपने बदलत नाही. फेंडरसारख्या गिटारचा नेक स्क्रूने जोडलेला असतो, तो काढून दुसरा लावता येतो. पण स्वस्त गिटारला चांगला नेक लावायचा तर खर्च गिटारच्या किमतीजवळ जाऊ शकतो. लेस पॉलसारख्या गिटारचा नेक चिकटवलेला असतो, तिथे हा पर्याय जवळजवळ नाहीच.

दुकानात काय कराल?

१. आधी अँप लावूच नका. गिटार बसून धरा, मग पट्टा लावून उभं राहून धरा.
२. अंगठा पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत सरकवा. कुठे अडतो, कुठे जाड लागतं ते बघा.
३. पहिल्या फ्रेटवर एफचा बार कॉर्ड धरा. अजून येत नसेल तर नुसती आडवी बोट दाबून धरा. बोटांची टोकं दुखणं नवशिक्याला साहजिक आहे. अंगठ्याच्या बुडाशी किंवा मनगटात ताण येत असेल तर दुसरा नेक बघा.
४. तारा फार उंच असतील तर आधी सेटअप करून मागा. उंच तारांचा त्रास नेकच्या नावावर टाकू नका.
५. मग अँप लावा. सगळ्या गिटार एकाच अँपवर, त्याच सेटिंगवर, आधी क्लीन आणि मग डिस्टॉर्शन लावून ऐका.

ऑनलाइनच घ्यायची असेल तर मॉडेलच्या माहितीतून नेकचा आकार, नटची रुंदी, गोलाई आणि स्केल लिहून घ्या. तेच मॉडेल एखाद्या दुकानात किंवा मित्राकडे एकदा धरून बघा. तेही शक्य नसेल तर परत करण्याची अट नीट वाचा.

दोन गिटारमध्ये अडकलात आणि एकीचा आवाज थोडा जास्त आवडला, दुसरी हातात जास्त बसली, तर दुसरी घ्या. आवाज नंतर सुधारता येईल, पण त्यासाठी गिटार रोज हातात घ्यावीशी वाटली पाहिजे.