चाकणच्या कामगाराला ढसाळ का हवेत?

नामदेव ढसाळ खेड तालुक्यातल्या पूर गावचे. आज चाकणची एमआयडीसी आहे तोच हा तालुका. १९४९ साली जन्मलेले ढसाळ लहानपणीच मुंबईला गेले. त्यांनी टॅक्सी चालवली आणि १९७२ मध्ये त्यांचा ‘गोलपिठा’ आला.

त्याच वर्षी राजा ढाले, ज. वि. पवार आणि इतर साथींसह त्यांनी दलित पँथर उभी केली. रिपब्लिकन पक्ष गटातटांत विखुरला होता आणि गावोगावचे अत्याचार काँग्रेसच्या राजवटीत थांबत नव्हते.

१९७३ च्या जाहीरनाम्याने दलित कोण, हे नव्याने सांगितले: अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया. ढाले यांना त्यात मार्क्सवाद दिसला. बुद्ध-आंबेडकरांचा विचारच पाया हवा, ही त्यांची भूमिका. १९७४ मध्ये पँथर फुटली. पुढे ढसाळांनी आणीबाणीला पाठिंबा दिला, शिवसेनेशीही जवळीक केली. त्यावर टीका झाली, ती रास्तच.

पण तो जाहीरनामा आम्हाला आजही कामाचा वाटतो. चाकण-भोसरीत कंत्राटी कामगार सगळ्या जातींचे आहेत. तिथे एका जातीची संघटना पुरत नाही आणि जातीवर गप्प बसणारी युनियनही पुरत नाही. युवकांनो, विहारातल्या अभ्यासवर्गात ढसाळ आणि ढाले दोघांनाही वाचा. जय भीम!