मोटारीचे ब्रेक काय सांगतात?

मोटार घेतांना तिचा वेग किती, हें आपण आवर्जून विचारतों; ती थांबते कशी, हा प्रश्न मात्र सहसा मनांत येत नाहीं. वस्तुतः गाडी थांबविणें म्हणजे तिच्या गतींतील शक्ति घर्षणानें उष्णतेंत पालटणें होय. १,००० किलो वजनाची गाडी खंडाळ्याच्या घाटांत ५०० मीटर खालीं उतरली, आणि तिचा सारा भार ब्रेकवरच पडला, तर निर्माण होणारी उष्णता सुमारें १५ लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी भरेल! एवढें काम करणारी वस्तु झिजणारच. सुदैवानें ती सहसा मुकाट्यानें झिजत नाहीं.

पहिली सूचना कानाला मिळते. ब्रेक दाबतांच बारीक, कर्कश आवाज येऊं लागला, तर पॅड झिजत आले असें समजावें. कित्येक पॅडांना याच कामासाठीं पत्र्याची लहानशी जीभ बसविलेली असते. पावसाळ्यांत सकाळीं क्षणभर होणारी कुरकुर बहुधा गंजाची असते. तिची चिंता नको. पण खरखर घासल्याचा आवाज आला, तर पॅड संपून धातूवर धातु घासत आहे. ती गाडी तशीच पुढें रेटूं नये.

दुसरी सूचना पायाला मिळते. पेडल स्पंजासारखें मऊ लागलें, तर नळ्यांत हवा शिरली असावी. तें दाबून धरलें असतां हळूहळू खालीं जात राहिलें, तर तेलाचा दाब कोठें तरी निसटत आहे. हलकेंच दाबूनही पेडल थरथरूं लागलें, तर तबकडी असमान झिजली असण्याचा संभव असतो. आणि गाडी एका अंगास ओढली गेली, तर दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागत नसावेत.

सर्वांत फसवें असतें तें ब्रेकचें तेल. तें हवेंतील दमटपणा शोषून घेतें. डॉट ४ जातीचें ताजें तेल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाहीं. पाणी मुरलें कीं ही मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येऊं शकते. लांब उतारावर तें उकळलें, कीं नळ्यांत वाफ धरते. तेल दबत नाहीं, वाफ दबते. म्हणून पेडल तळाला टेकतें आणि चाकें फिरतच राहतात. शहरांतील सपाट रस्त्यावर या दोषाची चाहूलही लागत नाहीं.

यासाठीं तेल गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मुदतीनें, बहुधा दर दोन वर्षांनीं, बदलावें. पॅडचा थर ३ मिलिमीटरवर आला कीं नवे पॅड घालावेत. आणि घाट उतरतांना खालचा गिअर घालून ब्रेकचें ओझें हलकें करावें. मोटार एखादे दिवशीं सुरू झाली नाहीं, तर प्रवास राहतो, इतकेंच. ती थांबली नाहीं, तर काय होईल, याचा विचार निघण्यापूर्वींच केलेला बरा.