लिंबू आणि त्याचे पर्याय

बंगळूरच्या घरांत चित्रान्नाचे पातेले चुलीवरून उतरविल्यानंतरच त्यात लिंबू पिळतात. ही रीत योग्यच होय. कारण लिंबातील ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते.

सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात कागदी लिंबाचे झाड परसात, तसेच मोठ्या कुंडीतही वाढते. त्याच्या एका बीतून बहुधा अनेक रोपे उगवतात आणि त्यांपैकी पुष्कळशी मूळ झाडासारखीच निपजतात. अशा रोपांना फळे येण्यास मात्र काही वर्षे लागतात. मुळांशी पाणी साचू देऊ नये.

उघड्यावर ठेवलेल्या लिंबाच्या सालीतून ओलावा उडून जातो व ती कडक होते. झाकणाच्या डब्यात, शीतकपाटात फळ अधिक टिकते. उरलेल्या लिंबांचे लोणचे घालावे.

उन्हाळ्यात लिंबे महागली की गृहिणी चिंचेकडे वळतात. चव साधते, परंतु चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा असून तिच्यात ‘क’ जीवनसत्त्व अत्यल्प असते. १७४७ साली जेम्स लिंड या नौदलातील शल्यवैद्याने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांवर सहा निरनिराळे उपाय करून पाहिले. त्यांत व्हिनेगर व सौम्य गंधकाम्ल हेही आंबट पदार्थ होते. पण झपाट्याने सुधारले ते संत्री-लिंबे खाणारे दोघेच. गुण आंबटपणाचा नव्हता.

तेव्हा चवीपुरती चिंच चालेल; जीवनसत्त्वासाठी मात्र आवळा किंवा पेरू घ्यावा.