मशीन लावण्याआधी स्पिरिटचा एक बोळा

न्यू जर्सीत जुनं घर घेतलं की ओकची लाकडी जमीन मिळते, आणि तिच्याविषयी सल्ला देणारी माणसंही मिळतात. आमचं घर १९३० च्या दशकातलं. रेड ओकच्या सव्वादोन इंची पट्ट्या आधीच्या मालकांनी गालिच्याखाली झाकून ठेवल्या होत्या. गालिचा उचलला तर जमीन मळकट आणि निस्तेज. कंत्राटदार आला, दारातूनच नजर टाकली आणि म्हणाला, सगळ्या घराला सँडिंगचं मशीन लावू. मी नको म्हटलं. पैसा हे एक कारण होतंच, पण मला जास्त काळजी लाकडाची होती.

ही पट्टी पाऊण इंच जाड असते, तरी ती सगळी जाडी आपल्या उपयोगाची नाही. एका पट्टीची जीभ शेजारणीच्या खोबणीत बसते आणि त्या जिभेच्या वर जेमतेम पाव इंच लाकूड असतं. मशीन दर वेळी त्यातलंच थोडं खातं. खिळ्यांची डोकी वर दिसू लागली की समजावं, आता घासायला काही उरलं नाही. हल्ली प्लायवूडवर ओकचा पापुद्रा चिकटवलेल्या पट्ट्या मिळतात. त्यांतल्या काहींचा पापुद्रा २ मिलिमीटरसुद्धा नसतो, तिथे मशीनचं नावच काढू नये. शिवाय अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगांवर बंदी आली ती १९७८ मध्ये. त्याआधीच्या घरात जुना थर घासून त्याची धूळ करायची असेल, तर आधी शिशाची तपासणी करून घ्यावी.

मुळात अशा कळाहीन जमिनींचं लाकूड पुष्कळदा ठणठणीत असतं. झिजलेला असतो तो त्यावरचा संरक्षक थर. पाण्याचा थेंब टाकून बघा. तो मण्यासारखा उभा राहिला तर थर शाबूत आहे. दोन-चार मिनिटांत जिरून खालचं लाकूड काळवंडलं, तर तिथला थर गेला. लाकूड राखाडी पडलं असेल, कुत्र्याच्या मुताने काळं झालं असेल किंवा रंगच बदलायचा असेल, तर बाटलीतल्या कुठल्याही द्रावणाने भागत नाही. तिथे घासावंच लागतं.

पुढचा प्रश्न म्हणजे थर कशाचा? कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात, जमिनीवर, स्पिरिटचा म्हणजे अल्कोहोलचा बोळा फिरवा. थर चिकट होऊन बोळ्यावर तपकिरी उतरला तर ती लाख. आमच्या बेडरूममध्ये तशीच उतरली, आणि मला गंमत वाटली. पॉलियुरेथेन यायच्या आधी अमेरिकेतल्या कितीतरी घरांच्या जमिनींवर लाखेचं पॉलिश असे, आणि ती लाख मुख्यतः आपल्याकडून यायची. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवरच्या किड्यांची ही लाख. झारखंड आजही तिच्या उत्पादनात आघाडीवर आहे. रांचीजवळ नामकुमला तिच्यावर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून उभी आहे. लाखेचा मोठा गुण असा, की नव्या पॉलिशमधलं स्पिरिट जुना थर किंचित विरघळवतं आणि दोन्ही थर एकजीव होतात. जमीन स्वच्छ करायची आणि पातळ हात द्यायचा, बस. दोष एवढाच की पाणी साचलं तर पांढरे डाग पडतात, म्हणून स्वयंपाकघरात लाख नको.

हॉलमध्ये मात्र स्पिरिटने काहीच हललं नाही. तिथे मागाहून कोणीतरी पॉलियुरेथेन दिलेलं. हा थर विरघळत नाही, त्यामुळे नवा थर त्यावर नुसता बसतो. त्याला पकड लागते. ती मिळवण्यासाठी खरखरीत मरून पॅड लांब दांड्याला लावून चकाकी जाईपर्यंत हलकेच फिरवायचं. यालाही घासणंच म्हणाल, पण इथे लाकडाला धक्का लागत नाही. मग धूळ ओढून घेऊन ओलसर फडक्याने पुसायचं, जमीन वाळू द्यायची आणि लांबच्या भिंतीपासून दाराकडे, पट्ट्यांच्या दिशेने, पातळ कोट द्यायचा. डबा हलवू नये, सावकाश ढवळावा, नाहीतर बुडबुडे कोटात उतरतात. पाण्यावर आधारलेल्या पॉलियुरेथेनला वास कमी आणि रंग जवळपास नितळ, तेलावर आधारलेलं पिवळसर झाक देतं. वाळण्याची वेळ डब्यावर असते ती पाळावी. गालिचा अंथरायची घाई तर अजिबात नको.

खरा घात करतं ते मेण. पांढऱ्या फडक्यावर मिनरल स्पिरिट घेऊन चोळा. पिवळट चिकटा आला तर मेण आहे आणि नवा कोट त्यावर धरणार नाही. चमक आणणारे सिलिकोनवाले पॉलिश, तेलकट साबण आणि आपल्या आज्यांचं लाडकं खोबरेल तेल, सगळ्यांचा परिणाम तोच. कोट जागोजाग फाकतो, वर्षभरात पापुद्रे निघतात. म्हणून सोफ्यामागे हातभर जागेवर आधी कोट देऊन बघावा आणि पूर्ण वाळल्यावर नाण्याच्या कडेने खरवडावा. सुटला नाही तरच पुढे जावं.

खोल ओरखडे आणि खळगे मात्र या पद्धतीने जात नाहीत, कोटाखाली ते दिसत राहतात. आमच्या हॉलमध्ये आहेत, मला त्यांचं काही वाटत नाही. ज्याला काचेसारखी जमीन हवी त्याने मशीनच लावावं.

नंतर सांभाळायचं ते पाणी. भारतातून आलेली मंडळी सवयीने बादलीत फडकं बुडवून लादी पुसावी तशी ही जमीन पुसतात, आणि सांध्यांतून पाणी आत जातं. घट्ट पिळलेलं फडकं पुरे. वाफेचा मॉप नकोच.

आणि तेलावर आधारलेलं पॉलियुरेथेन किंवा जवसाचं तेल वापरलंत, तर त्याचे बोळे आणि फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती बाहेर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.