मेघ संगणनातील सामायिक संसाधने

सामायिक संसाधने, मेघ संगणनातील : मेघ संगणनात एका ग्राहकाच्या खात्यातील साधने, उदा., साठवणीची जागा, यंत्रांच्या प्रतिमा, जालाचे उपविभाग, सांकेतिक चाव्या इ., मालकी न बदलता दुसऱ्या खात्यास वापरू देण्याची व्यवस्था. मेघ संगणन म्हणजे दूरच्या केंद्रांतील संगणक व त्यांची स्मृती इंटरनेटमार्फत भाड्याने वापरणे. असा वापर करणारी व्यक्ती अथवा संस्था पुरवठादाराकडे खाते उघडते. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या पुरवठादाराकडे प्रत्येक खात्यास बारा अंकी क्रमांक असतो व प्रत्येक साधन एकाच खात्याच्या नावे असते. एका खात्यातील व्यक्तीस दुसऱ्या खात्यातील साधन, स्पष्ट परवानगी नसल्यास, वापरता येत नाही.

या व्यवस्थेस बोलण्यात ‘वाटणी’ म्हटले जाते. परंतु तो शब्द दिशाभूल करणारा आहे. जमिनीची वाटणी झाली म्हणजे मालकी विभागली जाते. महसुली अभिलेखातील सामायिक खात्यात ती एकत्र असते. येथे यांपैकी काहीच होत नाही. अधिक जवळचे उदाहरण सातबाऱ्याच्या उताऱ्याचे आहे. गाव नमुना सातमध्ये भोगवटादाराचे नाव असते, आणि त्याच नमुन्यात कुळाचे व इतर अधिकार स्वतंत्रपणे नोंदलेले असतात. मेघातील साधनाचेही तसेच : भोगवटादार एक, आणि इतरांचे हक्क त्याच्या पुढे नोंदलेले. हक्काची नोंद आहे म्हणून मालकी आली असे होत नाही. तसेच हक्क दिला म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही.

ॲमेझॉनची साठवण-सेवा व यंत्र-सेवा २००६ मध्ये सुरू झाल्या. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात जी केंद्रे सुरू केली, त्यांत पुणे व मुंबई ही होती. ॲमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये सुरू झाला. केंद्र शासनाच्या ‘मेघराज’ उपक्रमातील राष्ट्रीय मेघ २०१४ चा असून महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक मेघाविषयीचे धोरण २०१८ मध्ये जाहीर केले. आरंभी संस्था एकाच खात्यात सर्व कामे करीत. पुढे चाचणी, प्रत्यक्ष सेवा, हिशेब यांसाठी वेगळी खाती ठेवण्याची पद्धत रूढ झाली. कारण एका खात्यातील चूक किंवा घुसखोरी दुसऱ्यात सहज पसरत नाही. खाती वेगळी झाली, तसा सामायिक वापराचा प्रश्न उभा राहिला.

त्याची उत्तरे साधनानुसार निरनिराळी आहेत. साठवणीच्या जागेस (बकेट) जोडलेल्या पॉलिसी नावाच्या लेखात कोणत्या खात्यास काय करता येईल हे लिहिले जाते. तथापि तेवढ्याने काम भागत नाही. घेणाऱ्या खात्याच्या चालकानेही आपल्या माणसास तशी मुभा द्यावी लागते. दोन्हींकडून संमती असेल तरच दार उघडते. ‘परवानगी नाकारली’ असा संदेश येऊन नवशिक्याचे तासन्‌तास वाया जातात, त्याचे कारण बहुधा यांपैकी एक बाजू राहून गेलेली असते. दुसरा मार्ग रोल नावाच्या तात्पुरत्या ओळखीचा. देणारे खाते एक ओळख निर्माण करते, घेणारा ती काही काळ धारण करतो; सामान्यतः एक तास व फार तर बारा तास. कायमची चावी कोणाच्याही हाती जात नाही, म्हणून माणसांना प्रवेश देण्यासाठी हा मार्ग सर्वांत चांगला मानावा.

जालाच्या उपविभागांसारख्या साधनांकरिता ‘रिसोर्स ॲक्सेस मॅनेजर’ (संक्षेपाने ‘रॅम’) ही स्वतंत्र सेवा २०१८ मध्ये आली. संगणकाच्या स्मृतीसही रॅम म्हणतात, त्याच्याशी हिचा संबंध नाही. हिच्यात साधने, ती वापरणारी खाती आणि परवानग्या यांचा एक गट बांधला जातो. एकाच संघटनेतील खात्यांत सामायिक वापराची सोय आधी सुरू केलेली असल्यास साधन लगेच उपलब्ध होते. बाहेरच्या खात्यास निमंत्रण जाते व ते मुदतीत स्वीकारावे लागते. जालाचे उपविभाग मात्र संघटनेबाहेर देता येत नाहीत.

ही कामे पडद्यावरील चित्रमय पृष्ठांवरून करता येतात. परंतु जाणकार कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टंकलिखित करून काम करवून घेण्याची पद्धत, पसंत करतात. ॲमेझॉनचे या प्रकारचे साधन २०१३ मध्ये पूर्णरूपाने उपलब्ध झाले. आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीतच द्याव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. ‘क्रिएट-रिसोर्स-शेअर’ ही आज्ञा गट निर्माण करते. ‘असोसिएट-रिसोर्स-शेअर’ त्यात साधने वा खाती जोडते. पलीकडचा चालक ‘ॲक्सेप्ट-रिसोर्स-शेअर-इन्व्हिटेशन’ने निमंत्रण स्वीकारतो. आज्ञा धारिकेत लिहून ठेवता येते, दुसऱ्या माणसाकडून तपासून घेता येते आणि सहा महिन्यांनी काय दिले होते हे पाहता येते. मात्र आज्ञेत जे लिहिलेले नाही, तेही तिच्यात असते. गट निर्माण करताना बाहेरच्या खात्यांना मज्जाव आहे असे सांगितले नाही, तर त्यांना मुभा आहे असेच धरले जाते. बारा अंकांतील एक अंक चुकला तर साधन अनोळखी खात्यास जाऊ शकते. आणि यंत्राच्या प्रतिमेची परवानगी देताना खाते-क्रमांकाऐवजी ‘ऑल’ हा गट दिला, तर ती जगास खुली होऊ शकते.

खुलेपणा हाच हेतू असेल, तर गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचा लँडसॅट उपग्रहांचा प्रतिमासंग्रह, ज्यात १९७२ पासूनच्या प्रतिमा आहेत, ऑरेगन विभागातील एका बकेटमध्ये ठेवलेला आहे. तो कोणत्याही खातेदारास वाचता येतो; परंतु मागणीचा व वाहतुकीचा खर्च मागणाऱ्याच्या खात्यावर पडतो, व तशी संमती आज्ञेत ‘रिक्वेस्ट-पेअर रिक्वेस्टर’ असे लिहून द्यावी लागते. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात कळंब येथे बसलेल्या शिक्षकास आपल्या परिसरातील डोंगरउतारांवरील वनाच्छादन कसे बदलले ते पाहावयाचे असल्यास, स्वतःचे खाते व एक-दोन आज्ञा एवढ्यावर हा संग्रह त्यास मिळतो. अशा प्रतिमांचे महत्त्व या भागात केवळ शैक्षणिक नाही. शेजारच्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली. उतारांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने संपूर्ण संग्रहाची प्रत करून ठेवणे अशक्य असते; मूळ एका ठिकाणी ठेवून लागेल तेवढेच वाचणे हाच व्यवहार्य मार्ग होय. (पावसाळ्यात खरे मेघच आड येतात व कोकणातील प्रकाशीय प्रतिमा बहुधा निरुपयोगी ठरतात, ही अडचण वेगळी.)

गूगल व मायक्रोसॉफ्ट यांच्या सेवांतही तत्त्व हेच असून खात्याऐवजी अनुक्रमे प्रोजेक्ट व सबस्क्रिप्शन ही एकके मानली जातात.

दिलेला हक्क परत घेणे हा या विषयातील सर्वांत कठीण भाग आहे. परवानगी एका आज्ञेने रद्द होते, पण तिचा परिणाम सर्वत्र सारखा नसतो. जालाच्या सामायिक उपविभागात दुसऱ्या खात्याने यंत्रे उभी केली असतील, तर हक्क काढल्यानंतरही ती चालूच राहतात. फक्त नवी उभी करता येत नाहीत, आणि ती असेपर्यंत मालकास तो उपविभाग नष्टही करता येत नाही. जमिनीच्या व्यवहारात बसलेल्यास उठवणे किती अवघड असते, हे जाणणाऱ्यास याचे नवल वाटणार नाही. यंत्राच्या प्रतिमेची गोष्ट आणखी पुढची : घेणाऱ्याने तिची प्रत स्वतःच्या खात्यात केली, तर ती प्रत त्याची होते व मूळ परवानगी रद्द केल्याने तिला काहीही होत नाही. सांकेतिक लिपीत साठवलेल्या प्रतिमेच्या बाबतीत चावी वापरण्याचा हक्कही वेगळा द्यावा लागतो. पुरवठादाराच्या नेहमीच्या चावीने बंद केलेली प्रतिमा दुसऱ्यास देताच येत नाही. त्यासाठी ग्राहकाची स्वतःची चावी लागते. ही अट जाचक वाटली तरी उपयुक्त आहे, कारण निष्काळजीपणे दिलेली प्रतिमा तीमुळे बंदच राहते. मात्र घेणाऱ्याने ती एकदा उघडून आपल्या चावीने पुन्हा बंद केली, की मूळ चावी काढून घेण्याने काही साधत नाही. म्हणून ज्यात व्यक्तींची खाजगी माहिती आहे, ती प्रत करता येईल अशा रूपात देऊ नये. तात्पुरत्या ओळखीने, जागच्या जागी वाचू द्यावी.

कोणते साधन खात्याबाहेर दिले गेले आहे, याचा शोध घेणारी ‘ॲक्सेस ॲनॅलायझर’ ही सोय ॲमेझॉनने २०१९ च्या अखेरीस उपलब्ध केली. तिने दाखविलेल्या नोंदी व धारिकेतील आज्ञा ठराविक काळाने ताडून पाहिल्या म्हणजे कोणाच्याही लक्षात न राहिलेले हक्क सापडतात. विशेषतः काम सोडून गेलेल्या कंत्राटदारांना एके काळी दिलेले.